फर्मवेअरची दुरुस्ती विकत का घ्यावी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणक, राउटर, कॅमेरे, मोटारी आणि वैद्यकीय उपकरणे यांच्या किमतींची चर्चा वृत्तपत्रांत नेहमीच होते. परंतु ही उपकरणे विकत घेतल्यानंतर त्यांच्या आतील फर्मवेअरमध्ये उत्पादक जे बदल करतो, त्यांचे पैसे मालकाकडून घ्यावेत की नाही, हा प्रश्न सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतो. सर्व्हर आणि नेटवर्क सामग्रीच्या काही मोठ्या उत्पादकांनी असे अपडेट सपोर्ट कराराच्या (विक्रीनंतरच्या सेवेसाठी वेगळे पैसे भरून करायच्या कराराच्या) कुलपाआड ठेवले, तेव्हा ती मोठ्या कार्यालयांपुरती अडचण वाटत होती. आता घरातल्या दिव्यापासून मोटारीपर्यंत प्रत्येक वस्तूत फर्मवेअर असल्यामुळे तीच प्रथा आपल्याही दाराशी येऊ शकते. माझे म्हणणे असे, की विकलेल्या वस्तूत जो दोष विक्रीच्या दिवशीच होता तो दूर करणे हा विक्रीचाच राहून गेलेला भाग आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे मागण्याचा अधिकार उत्पादकाला नसावा. वस्तू घेताना कबूल न केलेली नवी क्षमता तो नंतर देत असेल, तर तिची किंमत त्याने खुशाल लावावी.

फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या आतील चिपमध्ये साठवलेला, उपकरण सुरू होताच सर्वांत आधी जागा होणारा आणि त्याच्या इतर भागांना कामाला लावणारा प्रोग्रॅम. संगणकाचा बायॉस, डिस्कच्या आतील नियंत्रकाचा प्रोग्रॅम, वाय-फाय राउटरमधील संपूर्ण व्यवस्था आणि मोटारीतील इंजिन व ब्रेक सांभाळणाऱ्या छोट्या संगणकांचे प्रोग्रॅम ही त्याची उदाहरणे. ग्राहक ते वेगळे विकत घेत नाही, त्याची वेगळी पावती नसते, आणि ते पुसून टाकले तर हातात धातू, प्लास्टिक आणि सिलिकॉन यांची एक निरुपयोगी वस्तू उरते. म्हणून राउटरच्या फर्मवेअरमधील दोष हा राउटरचाच दोष होय. त्याचा विचार सदोष तयार झालेल्या एखाद्या सर्किटपेक्षा वेगळ्या पद्धतीने का करावा, याचे पटण्याजोगे कारण मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

या बाबतीत १९९४ सालची एक घटना बोलकी आहे. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराचा एक दोष उघडकीस आला. काही ठरावीक संख्यांच्या बाबतीत दशांश भागाकाराचे उत्तर किंचित चुकत असे. ज्याला या दोषाची खरोखर झळ पोहोचते त्यालाच चिप बदलून देऊ, अशी भूमिका कंपनीने आधी घेतली. त्यावर इतका गदारोळ झाला की डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून देण्याचे तिला जाहीर करावे लागले, आणि त्यापायी तिने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. तो दोष सिलिकॉनमध्येच कोरला गेलेला असल्यामुळे कोणत्याही अपडेटने जाणारा नव्हता. नवी चिप बनवणे, पाठवणे आणि जुनी परत घेणे एवढाच कायमचा उपाय होता. आज मात्र प्रोसेसरमधील कित्येक दोष मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला बदलता येणारा प्रोग्रॅम, बदलून झाकता येतात. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या तेव्हा स्पेक्टरच्या एका प्रकारासाठी इंटेलने असाच मायक्रोकोड तयार केला आणि तो ऑपरेटिंग सिस्टिम व बायॉसच्या अपडेटमधून लोकांपर्यंत गेला. दुरुस्तीसाठी प्रत्येक ग्राहकाला नवी वस्तू पाठवावी लागत होती तेव्हा ती फुकट देणे योग्य ठरले, आणि आता केवळ एक फाइल पाठवावी लागते तेव्हा तिचे पैसे मागणे योग्य ठरते, हे तर्कशास्त्र माझ्या आकलनापलीकडचे आहे. दुरुस्तीचा खर्च घटल्यामुळे उत्पादकाची जबाबदारी वाढायला हवी होती. काहींनी तिचे रूपांतर उत्पन्नाच्या साधनात केले.

सर्व्हरच्या क्षेत्रात हे उघडपणे घडले. ओरॅकलने २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ताब्यात घेतल्यानंतर सनच्या यंत्रांचे फर्मवेअर सपोर्ट कराराशी जोडले गेले. एचपीने फेब्रुवारी २०१४ पासून आपल्या प्रोलायंट सर्व्हरच्या बायॉसचे अपडेट केवळ हमीच्या मुदतीत असलेल्या किंवा सपोर्ट करार घेतलेल्या ग्राहकांपुरते मर्यादित केले. नाराजी व्यक्त झाल्यावर इतर काही घटकांचे फर्मवेअर पूर्वीप्रमाणेच खुले राहील असा खुलासा तिने केला, आणि मूळ निर्णय या उद्योगातील सर्वोत्तम प्रथेला धरूनच आहे, असे त्याचे समर्थनही केले. सर्वोत्तम कोणासाठी, हे विचारण्याची इच्छा त्या वेळी अनेकांना झाली असेल. वस्तू विकताना या यंत्राच्या बायॉसचे अपडेट काही वर्षांनी तुमच्यासाठी बंद होतील असे ठळक अक्षरांत सांगितले असते, तर निदान तो व्यवहार प्रामाणिक म्हणता आला असता. येथे मात्र आधी विकलेल्या यंत्रांनाही नंतर केलेला नियम लागू झाला.

हमी संपली की दुरुस्तीचा हक्कही संपला, हा युक्तिवाद वरवर सरळ वाटतो आणि म्हणूनच त्याकडे नीट पाहायला हवे. हमीची मुदत ही मुख्यत्वे झिजेसाठी असते. पंखा काही वर्षांनी घासतो, बॅटरीची धारणक्षमता कमी होते, बेअरिंग आवाज करू लागते. यांत उत्पादकाची चूक किती आणि वापराचा परिणाम किती हे ठरवणे कठीण असल्यामुळे कालमर्यादा घालणे रास्त आहे. फर्मवेअर मात्र झिजत नाही. त्यातील चूक पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच दहाव्या वर्षीही असते. ती सापडायला वेळ लागतो, इतकेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या काही सॉलिड स्टेट ड्राइव्हबाबत दिलेली सूचना याचा लख्ख पुरावा आहे. जुन्या फर्मवेअरवरचा असा ड्राइव्ह ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास, चालून झाला की कायमचा बंद पडेल आणि त्यावरची माहितीही परत मिळणार नाही, असे त्या सूचनेत म्हटले होते. सोळा बिटांच्या चिन्हयुक्त (धन आणि ऋण दोन्ही आकडे ठेवणाऱ्या) गणकात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा आकडा पाहताच कारणाचा अंदाज आला असेल. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह जवळजवळ एकाच वेळी बंद पडणार असल्यामुळे एक गेला तर दुसरा सांभाळून घेईल, ही नेहमीची तजवीजही येथे उपयोगाची नव्हती. या प्रकरणात कोणाकडून पैसे मागितले गेले, असे मला म्हणायचे नाही. माझा मुद्दा हमीच्या निकषाविषयी आहे. सर्व्हरची मूळ हमी बहुधा तीन वर्षांची असते आणि हा दोष चौथ्या वर्षाच्या उत्तरार्धात जागा होणारा होता. तो वापरकर्त्याच्या कोणत्याही कृतीमुळे निर्माण झालेला नव्हता, कारखान्यातून निघतानाच ड्राइव्हच्या आत बसलेला होता. अशा दोषाला तीन वर्षांची मुदत लावणे म्हणजे जो दोष उशिरा उघड होतो त्याला माफी देणे होय.

आता उत्पादकांची बाजू. फर्मवेअर दुरुस्त करणे फुकट होत नाही, हे खरे आहे. दोष शोधणारे, बदल लिहिणारे आणि असंख्य प्रकारच्या यंत्रांवर त्याची चाचणी घेणारे अभियंते पगार घेतात, आणि घाईने दिलेल्या अपडेटमुळे यंत्रे बंद पडल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. स्वस्त उपकरणांत नफा इतका कमी असतो की पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च त्यात मावत नाही, असेही सांगितले जाते. या म्हणण्याला माझे उत्तर असे, की तो खर्च मूळ किमतीत धरावा. वस्तू थोडी महाग होईल, पण ग्राहकाला खरी किंमत खरेदीच्या वेळी कळेल आणि दोन उत्पादकांची तुलना करता येईल. दुरुस्तीचे पैसे नंतर घेण्याची मुभा दिली, तर कमी चाचणी करून वस्तू आधी स्वस्तात विकणारा उत्पादक फायद्यात राहतो आणि काळजीपूर्वक काम करणारा तोट्यात जातो. स्वतःच्या चुकीवर पैसे मिळत असतील तर चुका कमी करण्याची घाई कोण करील? मापात चुकलेला कपडा उसवून पुन्हा शिवून देताना शिंपी दुसऱ्यांदा मजुरी मागत नाही, आणि म्हणूनच तो पहिल्यांदा माप नीट घेतो.

शिवाय सपोर्ट कराराच्या ग्राहकांसाठी दुरुस्ती करावीच लागते. ती फाइल तयार झालेली असते, तपासलेली असते, कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवलेलीही असते. करार नसलेल्या मालकाला ती उतरवून घेऊ देण्याचा वाढीव खर्च नगण्य असतो. उलट ती अडवण्यासाठी सिरियल नंबर तपासणारी, खाते मागणारी आणि परवानगी नाकारणारी यंत्रणा मुद्दाम उभी करावी लागते. मग करार कोण घेईल, असा प्रश्न यावर विचारला जातो. पण ज्याला मध्यरात्री फोनवर जाणकार माणूस हवा आहे, बिघडलेला भाग चार तासांत हवा आहे, किंवा अपडेट कंपनीच्याच तंत्रज्ञाने येऊन बसवावे असे वाटते, तो करार घेईलच, आणि या सर्व सेवांचे पैसे घेण्यास माझा काडीइतकाही विरोध नाही. जो करार केवळ दुरुस्तीची फाइल अडवून धरल्यामुळेच विकला जातो, त्यातून ग्राहकाला प्रत्यक्षात कोणतीच सेवा मिळत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. आजकालच्या बहुतेक उपकरणांत उत्पादकाच्या गुप्त किल्लीने डिजिटल स्वाक्षरी केलेले फर्मवेअरच चालते. अशी स्वाक्षरी नसेल तर उपकरण ते नाकारते. भलत्या माणसाने घातक प्रोग्रॅम आत घुसवू नये म्हणून ही सोय आहे आणि ती आवश्यकही आहे. पण तिचा दुसरा परिणाम असा, की मोटारीचा पंखा कोणत्याही गॅरेजमध्ये बदलून मिळतो, तशी फर्मवेअरची दुरुस्ती जगात दुसऱ्या कोणाकडूनही करून घेता येत नाही. मूळ प्रोग्रॅम गुप्त असतो, आणि तो कोणी समजून घेतला तरी दुरुस्त केलेली प्रत यंत्र स्वीकारत नाही. जेथे विकणारा एकच आहे, पर्याय शून्य आहे आणि गरज विकणाऱ्याच्याच चुकीतून निर्माण झाली आहे, तेथे मागितलेल्या रकमेला बाजारभाव म्हणता येणार नाही; तिला खंडणी म्हणण्याचा मोह मी आवरतो, पण तो होतो हे नाकारत नाही. याच्या उलट उदाहरण लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचे आहे. त्यात लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम वापरलेली असल्यामुळे त्याच्या परवान्यानुसार कंपनीला २००३ मध्ये मूळ कोड खुला करावा लागला, त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटीसारखे प्रकल्प उभे राहिले, आणि उत्पादकाने लक्ष काढून घेतल्यानंतरही कित्येक राउटर स्वयंसेवकांनी लिहिलेल्या फर्मवेअरवर चालू राहिले. ज्या उत्पादकाला दुरुस्तीचा भार नको आहे त्याने निदान कुलूप तरी काढून द्यावे. किल्ली स्वतःकडे ठेवायची, दुरुस्ती करायची नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायची नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र चालू देणे ग्राहकावर अन्यायाचे आहे.

सुरक्षेच्या त्रुटींबाबत तर हा प्रश्न उत्पादक आणि मालक या दोघांपुरताही राहत नाही. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून इंटरनेटला जोडलेले असंख्य कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे इंटरनेटवरील पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर केलेल्या हल्ल्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. मे २०१८ मध्ये उघड झालेल्या व्हीपीएनफिल्टर या दुसऱ्या घातक प्रोग्रॅमने किमान ५४ देशांतील पाच लाखांच्या आसपास उपकरणे, प्रामुख्याने राउटर, ग्रासली होती. कॅमेऱ्याच्या मालकाला बहुधा काही जाणवतही नाही. कॅमेरा चित्र दाखवत राहतो आणि त्याच वेळी तिसऱ्याच कोणावर हल्ला करत राहतो. ज्या दुरुस्तीचा लाभ मुख्यतः इतरांना होतो तिच्यासाठी मालकाने स्वतःहून पैसे भरावेत, अशी अपेक्षा व्यवहारात टिकणारी नाही. किंमत कितीही कमी ठेवली तरी बरेच जण ती भरणार नाहीत आणि त्रुटी तशीच राहील. काही कंपन्यांना हे उमगलेले दिसते. नेटवर्क सामग्री बनवणाऱ्या सिस्कोच्या सुरक्षा सूचनांमध्ये सेवा करार नसलेल्या ग्राहकांनीही कंपनीच्या साहाय्य केंद्राशी संपर्क साधून दुरुस्त आवृत्ती विनामूल्य मिळवावी, असे सांगितलेले असते. अर्ज करून मिळणारी दुरुस्ती ही थेट मिळणाऱ्या दुरुस्तीइतकी चांगली नाही, परंतु तत्त्व मान्य केल्याचे ते चिन्ह आहे.

मोटारींच्या बाबतीत समाजाने हे केव्हाच मान्य केले आहे. जुलै २०१५ मध्ये दोन संशोधकांनी जीप चेरोकी ही मोटार इंटरनेटवरून दुरून नियंत्रित करून दाखवली, त्यानंतर फियाट क्रायस्लरने अमेरिकेतील सुमारे १४ लाख वाहने परत बोलावण्याची घोषणा केली आणि मालकांना दुरुस्त सॉफ्टवेअर असलेल्या यूएसबी ड्राइव्ह टपालाने पाठवल्या. त्यासाठी मालकांकडून पैसे घ्यावेत असे कोणी सुचवले नाही. गाडीतला संगणक सदोष निघाला तर ती उत्पादकाची जबाबदारी ठरते आणि कपाटातला सर्व्हर सदोष निघाला तर ती मालकाची हौस ठरते, हा फरक कायद्याने केलेला आहे, तंत्रज्ञानाने नव्हे.

या सगळ्यावर खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. दोष कोठे संपतो आणि नवी क्षमता कोठे सुरू होते? ही रेषा नेहमीच स्पष्ट नसते, हे मान्य करायला हवे. पॅनासॉनिकने २०१५ मध्ये आपल्या जीएच४ या कॅमेऱ्यासाठी व्ही-लॉग ही चित्रीकरणाची सोय ९९.९९ डॉलरना विकली. व्यावसायिक चित्रीकरण करणाऱ्यांना ती हवी होती, बाकीच्यांचा कॅमेरा पूर्वीइतकाच चांगला चालत राहिला, आणि कोणाचीही फसवणूक झाली नाही. येथे पैसे घेणे मला पूर्ण मान्य आहे. बीएमडब्ल्यूने काही देशांत आसने गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली तेव्हा मात्र लोक चिडले, कारण आसनातील तारा गाडीबरोबर आधीच विकल्या गेल्या होत्या. २०२३ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. तरीही तो वाद चढ्या भावाचा होता, दोषाचा नव्हता, आणि न पटणाऱ्याला ती सोय नाकारण्याचे स्वातंत्र्य होते.

खरी गफलत होते ती दोष आणि सोय यांची एकत्र मोट बांधल्यावर. ॲपलने २००८ मध्ये आयपॉड टचच्या मालकांकडून दुसऱ्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरसाठी ९.९५ डॉलर घेतले आणि २००९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीसाठीही तेवढेच घेतले, तर आयफोनच्या मालकांना तेच फुकट मिळाले. कारण मोठे गमतीचे होते. आयफोनच्या विक्रीचे उत्पन्न कंपनी दोन वर्षांत विभागून दाखवत असे आणि आयपॉडचे एकदम दाखवत असे, त्यामुळे विक्री पूर्ण झालेल्या वस्तूला नवी सोय फुकट दिली तर हिशेबतपासणीचे नियम आड येतात, असे सांगितले गेले. २००९ मध्ये अमेरिकेतील हिशेबाचे नियम बदलले आणि २०१० ची आवृत्ती आयपॉडलाही विनामूल्य मिळाली. हिशेबनीस सुखी झाले असतील. माझे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. त्या विकत घ्याव्या लागणाऱ्या आवृत्तीत नव्या सोयींबरोबर अनेक सुरक्षा-त्रुटींची दुरुस्तीही होती. ज्याला नवी सोय नको होती त्यालाही सुरक्षित राहण्यासाठी तिचे पैसे मोजावे लागत होते. म्हणून रेषा पुसट असल्याचे निमित्त करून सगळ्याचेच पैसे घेण्याऐवजी दुरुस्ती आणि सोय यांची पाकिटेच वेगळी करावीत. तसे करणे तांत्रिकदृष्ट्या खरोखरच अशक्य असेल, तर संपूर्ण पाकीट फुकट द्यावे, कारण ते एकत्र बांधण्याचा निर्णय उत्पादकाने घेतलेला असतो. एखादी गोष्ट दोष की सोय याबद्दल शंका राहिलीच, तर जाहिरातीत आणि माहितीपुस्तिकेत काय कबूल केले होते ते पाहावे. कबूल केलेले काम वस्तू करत नसेल तर तो दोष. कबूल केलेले काम करताना ती मालकाला किंवा इतरांना धोक्यात घालत असेल तर तोही दोष.

असा नियम व्यवहारात आणता येतो, हे युरोपीय संघाने दाखवायला सुरुवात केली आहे. तेथील सायबर लवचीकता कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला असून त्यातील मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. सुरक्षा-अपडेट विलंब न लावता आणि विनामूल्य द्यावेत, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे ते नव्या सोयींपासून वेगळे ठेवावेत, आणि हे काम किमान पाच वर्षे करावे, उत्पादनाचा वापरच त्याहून कमी काळ होणार असेल तर तेवढा काळ करावे, अशी त्याची अपेक्षा आहे. एखाद्या व्यवसायासाठी खास बनवलेल्या उत्पादनाबाबत दोन्ही पक्षांना वेगळा करार करण्याची मोकळीक त्यात ठेवली आहे आणि ती मला रास्त वाटते. तेथे दोन्ही बाजूंना जाणकार असतात. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणांच्या उत्पादकाला सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील हे जाहीर करावे लागते. मुदत किती असावी हे तो कायदा सांगत नाही, एवढी त्याची उणीव आहे.

जबाबदारी अनंत काळाची असावी, असे मी म्हणत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या राउटरसाठी अभियंते बसवून ठेवा, ही मागणी हास्यास्पद ठरेल. खरेदीपूर्वी जाहीर केलेली आणि वस्तूच्या वास्तविक आयुष्याशी सुसंगत अशी मुदत असावी. ती संपल्यावर ज्यांना पुढेही सेवा हवी त्यांच्याकडून पैसे घेण्यास हरकत नाही, मात्र तोपर्यंत तयार झालेली सर्व अपडेट सर्वांसाठी खुली राहावीत. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या काही जुन्या साठवण उपकरणांत गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ती उपकरणे मुदतबाह्य असल्याने दुरुस्ती मिळणार नाही, ती वापरातून काढून टाकावीत, असा सल्ला कंपनीने दिला. व्यवस्थित चालणारी वस्तू टाकून द्यायची असेल, तर ती वेळ कधी येईल हे घेणाऱ्याला आधी कळायला हवे.

जुनी उपकरणे विकत घेणाऱ्यांचा विचार तर सहसा कोणीच करत नाही. मोठ्या संस्था काही वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि जुने सर्व्हर लहान संस्था, प्रयोगशाळा, विद्यार्थी यांच्याकडे जातात. दुरुस्तीचा हक्क पहिल्या खरेदीदाराच्या नावाशी जोडला की उत्पादक दुसऱ्या विक्रीतही हात घालतो, जिच्याशी त्याचा काही संबंध उरलेला नसतो. दोष यंत्रात असतो, मालकाच्या नावात नसतो. म्हणून दुरुस्तीही यंत्राबरोबर गेली पाहिजे. अधिकृत वाट बंद असली की लोक भलत्याच संकेतस्थळांवरून फर्मवेअरच्या प्रती उतरवून घेतात, आणि ज्या जुन्या यंत्रांत स्वाक्षरी तपासली जात नाही तेथे त्याचे परिणाम काय होतील हे सांगायला नको.

शेवटी ‘फुकट’ या शब्दाबद्दल एक खुलासा. अपडेट विनामूल्य मिळाले तरी मालकाला त्याची किंमत मोजावीच लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲबटच्या, म्हणजे पूर्वीच्या सेंट ज्यूड मेडिकलच्या, पेसमेकरसाठी सुरक्षा-अपडेट मंजूर केले. त्या देशातील सुमारे ४,६५,००० उपकरणांना ते लागू होते. प्रत्यक्ष काम तीनेक मिनिटांचे, पण त्यासाठी रुग्णाला दवाखान्यात जावे लागत होते, आणि अपडेट करताना उपकरण बंद पडण्याची अगदी अल्प शक्यता असल्यामुळे ते करावे की नाही याचा डॉक्टरांशी विचार करावा लागत होता. सर्व्हर सांभाळणाऱ्याला रात्री सेवा थांबवावी लागते, आधी प्रती काढाव्या लागतात, काही बिघडले तर उत्तर द्यावे लागते. वेळ आणि जोखीम अशी दुसऱ्याच्या चुकीपायी मालक सोसतच असतो. त्यावर बिलही त्यालाच का?

आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा आहे. नव्या उपकरणांच्या परीक्षणांत कॅमेऱ्याची क्षमता, बॅटरी आणि किंमत यांची चौकट छापली जाते. त्याच चौकटीत सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळतील, ते विनामूल्य की करारावर, आणि उपकरण दुसऱ्याला विकल्यास नव्या मालकाला मिळतील की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे उत्पादकाकडून मागवून छापावीत, आणि ज्याने उत्तर दिले नाही त्याच्या नावापुढे तसे स्पष्ट लिहावे.

आपला विश्वासू,
एक वाचक